रिकामी फेरी

कल्प-९ला पहिलं वाक्य बोलायला पावणेदोन सेकंद लागले. मेरू-४ला पहिलं अक्षर उच्चारायला एकेचाळीस मिनिटं लागली. केतकी मगदूमनं दोन्ही आकडे वहीत उतरवले आणि आपल्यापुरता निकाल लागला असं समजून पेन खाली ठेवलं.

अठरा वर्षं ती हेच करत आली होती. नवा प्रोसेसर निघाला की कंपनी त्याचा एक नमुना सांगलीला, विश्रामबागेतल्या तिच्या घरी पाठवायची. ती तो मशीनवर चढवायची, तापवायची, दमवायची, पंख्याचा आवाज मोजायची आणि 'घरसंगणक' मासिकात लिहायची, की बाबांनो, हा घ्या आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. कुठल्याही कंपनीला तिनं कधी लोणी लावलं नव्हतं, म्हणून लोक तिचं ऐकायचे. या वेळचा फरक एवढाच, की चाचणी तिच्या नवऱ्यावर चालली होती.

अभिनंदन मगदूम पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होता आणि मूळचाच अबोल. दिवसाला फार तर वीस शब्द, त्यातलेही निम्मे 'हं'. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला आणि तेवढेही गेले. त्याला ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. तसं डॉक्टरांनी तपासण्या करून छातीठोकपणे सांगितलं होतं. पण बोट हलत नव्हतं. डोळे उघडायचे, मिटायचे, पण त्याच्या मर्जीनं नाही.

केतकी पहिले दोन महिने रडली. मग रडू येईनासं झालं आणि पाठोपाठ बाकीचंही काही येईनासं झालं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो पण हाताला परका लागतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ती स्वयंपाक करायची, त्याला कुशीवर वळवायची, नळीतून भरवायची, प्रोसेसर तापवायची. विचारलंच कुणी तर 'बरं आहे' म्हणायची, आणि ते खोटंही वाटायचं नाही.

मग डॉक्टरांनी त्याच्या मेंदूवर, जिथं बोलणं जुळतं त्या भागावर, केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली. कानामागे लोहचुंबकानं चिकटणारी रुपयाएवढी चकती. जाळी मेंदूतले संदेश टिपते, चकती ते संगणकाला देते, आणि त्या खळखळाटातून माणसाला काय म्हणायचंय ते संगणकानं शोधून काढायचं. हिशेब अफाट. शिवाय कायदा असा, की माणसाच्या डोक्यातलं काहीही घराबाहेर जाता कामा नये. म्हणजे दूर कुठंतरी बसलेल्या महासंगणकांचा उपयोग नाही. जे काही करायचं ते घरातल्या टेबलावरच्या डब्यानंच करायचं. पूर्वी ज्या जंगी प्रोसेसरांवर फक्त खेळवेडी पोरं जीव टाकायची, ते आता आजारी माणसाच्या घरची मंडळी घेऊ लागली होती. केतकीला रोज पत्रं यायची आणि सगळ्यांत प्रश्न एकच असायचा, कल्प की मेरू?

चुकायची सोय नव्हती, म्हणून लोक विचारायचे. तीस दिवस कुठलाही प्रोसेसर लावून बघता येई. तिसाव्या दिवशी जाळी एकाचीच सांकेतिक किल्ली कायमची घेई आणि मग जन्मभर दुसऱ्या कुणाशीही बोलत नसे. तसं नसतं तर कुणीही उपटसुंभानं पलंगाजवळ मशीन नेऊन माणसाच्या मनातलं वाचलं असतं. घटस्फोटाची तरतूद नसलेलं लग्नच ते.

आता दोघांतला फरक. कुठलाही प्रोसेसर हातावर हात ठेवून बसत नाही. कामात क्षणोक्षणी फाटे फुटतात, इकडे जायचं की तिकडे. उत्तर हाती यायच्या आतच तो अंदाजानं एक वाट धरतो आणि पुढे निघतो. चुकला तर केलेलं सगळं पुसून माघारी येतो. ही युक्ती जुनीच. कल्पच्या कंपनीनं ती माणसाच्या बोलण्याला लावली. जाळीकडून जरासा इशारा आला, की कल्प आख्ख्या वाक्याचा अंदाज बांधतो. त्यासाठी त्याला अभिनंदनच्या दहा वर्षांच्या फोनवरच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं दिली होती, म्हणून आवाजही हुबेहूब त्याचा. वाक्य चुकीचं असेल तर मेंदू विरोध करतो; तो अर्ध्या सेकंदात पोचला तर कल्प वाक्य मागे घेतो. मेरू अंदाज बांधतच नाही. एकाच अक्षराची सोळा वाचनं जुळेपर्यंत तो तोंड उघडत नाही.

पहिल्या दिवशी मेरूनं एकेचाळीस मिनिटांनी 'न' म्हटलं आणि पुढं काही म्हणेना. केतकीच्या सासूबाई, म्हणजे आक्का, तोवर पलंगाशी बसून अवघडल्या होत्या.

"एवढंच? ह्यापेक्षा माझी मिरचीची रोपं लवकर बोलतील," त्या म्हणाल्या.

केतकीनं वायर काढून कल्पला जोडली.

"आक्का, गुडघा कसा हाय आता?" खोलीत अभिनंदनचा आवाज आला.

आक्का दोन्ही हात तोंडावर घेऊन उभ्या राहिल्या. "पोरगं बोलालंय गं! केतकी, पोरगं बोलालंय!" आणि ढसाढसा रडायला लागल्या.

त्या गडबडीत केतकीच्या हातून एक गोष्ट राहिली. तिच्या प्रत्येक चाचणीची सुरुवात रिकाम्या फेरीनं व्हायची. मशीनला काहीही काम न देता तासभर नुसतं चालू ठेवायचं, ते आपल्या आपण किती उद्योग करतंय ते मोजायचं, आणि नंतरच्या आकड्यांतून तेवढं वजा करायचं. उरेल ती खरी कामगिरी. अठरा वर्षांत तिनं ही फेरी कधी चुकवली नव्हती. पण आई रडतेय, मुलगा चौदा महिन्यांनी बोलतोय, आणि आपण त्याच्या कानामागची चकती काढून घ्यायची, हे तिला माणुसकीला सोडून वाटलं. नंतर करू म्हणून तिनं तो रकाना कोरा ठेवला.

पुढचे तीन आठवडे घर बोलतं झालं. अभिनंदन आक्कांना जुन्या गोष्टी विचारायचा, पाऊसपाण्याबद्दल बोलायचा, बातम्या ऐकून शेरे मारायचा. एकदा रात्री आठच्या सुमाराला म्हणाला, "आक्का, जेवलीस का?" जैनाचं घर, आक्का सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. केतकीनं चमकून पाहिलं. आक्का क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं की मघाशीच." आजारात वेळेचं भान सुटतं, असं केतकीनं स्वतःला समजावलं.

समजावायला ती राजीच होती, कारण तो तिच्याशीही बोलत होता. "केतकी, दमलीस गं. बस जरा." एकोणीस वर्षांच्या संसारात असं वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिला आवडायला लागलं. ती कामं लवकर आटपून खुर्ची ओढून बसायची, त्याच्या ऑफिसमधल्या साहेबांची नक्कल करून दाखवायची, आणि तो हसला की स्वतःही हसायची. बधिर गालात मुंग्या याव्यात तसं काहीतरी होत होतं. आक्का दारात उभ्या राहून बघायच्या.

चोविसाव्या दिवशी सकाळी संपादक धनवडे यांचा फोन आला.

"केतकीताई, लेख झकास झालाय. पण तक्त्यात रिकाम्या फेरीचा रकाना रिकामाच आहे. आपले वाचक मला फाडून खातील."

"आज पाठवते," ती म्हणाली.

चातुर्मास चालू होता. आक्का रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला आणि प्रवचनाला जायच्या. दोन तास तरी यायच्या नाहीत. केतकीनं अभिनंदनच्या कानामागची चकती काढली आणि टेबलावर ठेवली.

"एकच तास हं, अभि," ती म्हणाली. आक्कांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची, एकटी असली की अभि आणि तू. "कामाचं आहे."

तिनं घड्याळ लावलं आणि वही उघडली. पडद्यावर जाळीची रेघ सपाट झाली. अकरा सेकंद गेले.

"केतकी, पंखा जरा कमी करतेस का?" अभिनंदनचा आवाज म्हणाला.

ती पंख्याचं बटण फिरवायला उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. चकती टेबलावर होती. तिनं ती उचलून पाहिली, पुन्हा ठेवली.

"मी कोण?" तिनं विचारलं.

"अगं, काय विचारतेस? दमलीस तू. बस जरा."

ती बसली. तासभर बसून राहिली आणि एकेक वाक्यासाठी वहीत एकेक रेघ मारत गेली, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. चकती लावलेली असताना ताशी सरासरी सहासष्ट वाक्यं. रिकाम्या फेरीत बासष्ट. तिनं वजाबाकी केली. चार. तीन आठवडे ती ज्याच्याशी हसली होती, त्यात तिचा नवरा फार तर एवढा होता. तो मात्र हातभर अंतरावर पडून सगळं ऐकत होता.

तिनं कंपनीच्या साहाय्य केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड होती.

"हे अपेक्षितच आहे, मॅडम. इशारा नसेल तेव्हा कल्प संवाद तुटू देत नाही. घरच्यांचं समाधान अठ्ठ्याण्णव टक्के आहे."

"पण वाक्य त्यांचं नसेल तर?"

"मग ते विरोध करतील ना. तुमच्याकडे एकही वाक्य मागे घेतलेलं दिसत नाही."

"विरोध क्षीण असला तर?"

"ठरलेल्या पातळीखालचं सगळं खरखर म्हणून धरतो, मॅडम. त्याची नोंद असते, पण ती आम्ही कुणाला दाखवत नाही. लोकांना त्यातून काही कळत नाही."

केतकीला कळत होतं. नोंद कुठं असते तेही ठाऊक होतं. तिनं ती उघडली. पातळीखालचे विरोध, तेवीस दिवसांत तीन हजार एकशे बारा. नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तो अर्ध्या सेकंदात लावावा लागतो. अभिनंदनकडे तेवढा नव्हता. पण ती खरोखर खरखरही असू शकत होती. छातीठोकपणे सांगेल असा एकच होता, आणि तो खोक्यात पडून होता.

दुसऱ्या दिवशी आक्का बस्तीत गेल्यावर तिनं वायर मेरूला जोडली.

"अभि, ती वाक्यं तुझी होती का?"

पस्तीस मिनिटांनी मेरूच्या कोरड्या, कुणाचाच नसलेल्या आवाजात 'ना' आलं. आणखी अर्ध्या तासानं 'ही'.

एकदा आलेला आकडा तिच्या लेखी आकडा नव्हता. उरलेल्या वेळात आणि सव्विसाव्या दिवशी मिळून तिनं तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. तीनदा तेच उत्तर आलं. मेरूला त्याच्या अक्षरांची सवय होत होती. आता एकाला पंधरा-वीस मिनिटं पुरत होती. रोज आक्का यायच्या आत ती वायर परत कल्पला जोडायची, आणि दुपारभर तो आवाज घरात बोलत राहायचा. ती मान हलवायची, हसायचीसुद्धा. न हसावं तर आक्का विचारतील, ही धास्ती.

सत्ताविसाव्या दिवशी ती म्हणाली, "आज मी आक्कांना सगळं सांगते. आपण मेरूच ठेवू. लागू दे वेळ."

पडद्यावरची रेघ एकदम उसळली. दीड तासात पाच अक्षरं आली. आ, क्का, ला, न, को.

"सांगू नको? म्हणजे हा कल्पच ठेवायचा?"

उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी पुरं झालं. ठेव. आणि मग, आक्का जिना चढत असताना, ती हसते.

केतकीनं घाईनं वायर बदलली. आक्का आत आल्या, "काय म्हणतोय माझा वाघ?" म्हणाल्या, आणि कल्पनं काहीतरी म्हटल्यावर खरंच हसल्या. तेवीस दिवस तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबून घेतलेला माणूस आपलं पहिलं खरं बोलणं खर्च करतो, तर आईचं हसू टिकावं म्हणून. केतकीला त्याचा राग आला. चौदा महिन्यांत आलेला तो पहिला राग होता आणि तो आल्याचं तिला नवल वाटलं.

एकोणतिसाव्या दिवशी ती त्याच्या तोंडाजवळ वाकली. "आणि मी? मी काय करायचं, अभि? जन्मभर त्या आवाजाशी बोलायचं?"

रेघ हलत होती, थांबत होती. तिनं त्याचा हात धरून ठेवला. दोन तासांत पाच अक्षरं आली. तुला माहीत.

तिनं पुढच्या अक्षरांची वाट पाहिली. पुढं काही नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं त्याला. यंत्र काहीही बरळो, त्यामागे तो गप्प पडलाय हे एका माणसाला माहीत आहे, आणि तेवढ्यावर तो राहणार होता.

त्या संध्याकाळी तिनं लेख नव्यानं लिहिला. रिकाम्या फेरीचा आकडा पहिल्या ओळीत टाकला आणि शेवटी लिहिलं, कल्प घेऊ नका, मेरू घ्या, कितीही हळू असला तरी. धनवडेंना पाठवला आणि वही मिटली.

तिसाव्या दिवशी सकाळी पडद्यावर प्रश्न आला, जाळी कायमची कुणाशी जोडायची? केतकीनं एकदा अभिनंदनकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते. त्याचा अर्थ काहीच होत नव्हता. तिनं कल्पवर बोट ठेवलं. यंत्रानं पुन्हा विचारलं, नक्की? तिनं पुन्हा ठेवलं. चार सेकंदांत काम झालं. मेरूचा दिवा विझला. तिनं तो उचलून परत पाठवायच्या खोक्यात घातला आणि चिकटपट्टी लावली.

आक्का आल्या तेव्हा ती पत्ता लिहीत होती.

"हे काय करालीस?"

"परत पाठवतेय, आक्का. आज तिसावा दिवस. आता तो बोलणाराच कायमचा."

"आणि हे हळू बोलणारं?"

"ते आता त्यांच्याशी कधीच जुळणार नाही."

आक्कांनी पिशवी तशीच जमिनीवर ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"मला एक शब्द विचारायचा तरी गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला तर तोच आवडतो. तुम्ही रोज एवढ्या बोलता त्याच्याशी."

"त्यो माझा अभिनंदन न्हवं. मला काय कळत न्हाई व्हय? पोटचा हाय माझ्या. पहिल्या आठवड्यातच कळलं. गुडघा कसा हाय म्हणून ह्यानं जन्मात मला कधी विचारलं न्हाई. गुडघा दुखतोय दिसलं, की गप खाली जाऊन भाजीची पिशवी वर आणून ठेवायचा, आणि निघून जायचा."

केतकीनं पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही त्याच्याशी का बोलत होता?"

"तुझ्यासाठी," आक्का म्हणाल्या. "चौदा महिनं भिंतीगत वावरत होतीस. हे यंत्र बोलाय लागलं आणि तू हसालीस. मी म्हटलं, हिला खरं वाटालंय, तर वाटू दे. आपण मोडायचं न्हाई. मला वाटलं, पुढं कधीतरी तुझं तुला उमजलं, की ते हळू बोलणारं लावू. माझं काय, मी बसलो असतो की दिवस दिवस. एकेक अक्षर ऐकत बसलो असतो."

केतकी अभिनंदनकडे वळली. त्याचे डोळे आता उघडे होते, छताकडे. त्यानं सगळं ऐकलं होतं. पडद्यावरची रेघ वर उसळली, पडली, पुन्हा उसळली.

"आक्का, असं काय बोलतेस?" कल्प त्याच्या आवाजात म्हणाला. "मी इथंच हाय की."

दोघींपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. आवाज थोडा वेळ थांबला, आणि संवाद तुटतोय असं पाहून त्यानं हसत विचारलं, "बरं, जेवायला काय केलंय आज?"